दुकानावर ठेवलेला निरोप

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. कंचनला — म्हणजे माझ्या बायकोला — माझं सगळं माहीत आहे. डॉक्टरांनी बंद केलेली मिठाई मी कुठे बसून खातो, धाकट्या भावाशी किती वर्षं बोललो नाही आणि का, सगळं. पण हे नाही. आणि गंमत बघा — आमच्यात पर्युषण संपलं की सगळ्यांची क्षमा मागायची रीत आहे. मी दर वर्षी हात जोडून घरोघर जातो, लांबच्यांना फोन करतो, उरलेल्यांना मोबाईलवरून एकदम मेसेज पाठवतो: कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा. त्या उरलेल्यांत रेखाचं नाव असतं. तिचं उत्तर दर वर्षी येतं — भाईजी, तुमची कसली चूक, उलट मलाच क्षमा करा. मी ते वाचतो आणि मोबाईल उलटा करून ठेवतो.

रेखा कोण, ते सांगतो. पण एकदम सांगता येणार नाही. थोडं गोल फिरून यावं लागेल — तेवढं चालवून घ्या.

बदनापुरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं भांड्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही मारवाडी बोलतो, पण शिकलो मराठी शाळेत, आणि भांडायची वेळ आली की मला मराठीच सुचते. गावात सगळे मला भाईजी म्हणतात. त्या मराठी शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मी अध्यक्ष. किती वर्षं? मंडळ काढलं तेव्हा माझ्या मिश्या काळ्या होत्या, एवढं समजा.

आता माजी विद्यार्थी मंडळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? वर्षातून एक मेळावा, फेटे, जुन्या मास्तरांना शाल, ग्रुप फोटो, शेवटी गुलाबजाम. ते आमच्याकडेही होतं. पण आमचं खरं काम वेगळं होतं, आणि ते सांगितलंच पाहिजे, कारण मी मोडलं ते हेच. आम्ही त्याला "सोबत" म्हणायचो. आमच्या शाळेत आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची पोरं येतात. बारावीला चांगले मार्क पडतात, कुठल्या तरी लांबच्या कॉलेजात नंबर लागतो, आणि मग घरात प्रश्न — बरोबर कोण जाणार? बापाने पुणं पाहिलेलं नसतं. आई जालन्याच्या पुढे गेलेली नसते. पूर्वी अशी पोरं एकटी जायची. कुठल्या तरी खिडकीवर कुणीतरी खेकसायचं, राहायला जागा मिळायची नाही, आणि आठवड्याभरात पोरगं परत. मग ते जन्मभर म्हणत राहायचं, मला तिकडचं मानवलं नाही. म्हणून आम्ही ठरवलं — आपल्या शाळेचं कुणीही एकटं जायचं नाही. कुणीतरी जुना विद्यार्थी बरोबर जाईल, रांगेत उभा राहील, खोली बघेल, पहिलं जेवण त्या पोरासोबत जेवेल आणि मगच परतीची गाडी धरेल. त्या गावात आपल्या शाळेचं कुणी असेल, तर ते पुढे लक्ष ठेवेल.

इतकं साधं काम. त्याला लागायचा फक्त निरोप, आणि निरोप यायचा माझ्या दुकानावर. मोबाईल नव्हते त्या काळात आमच्या रस्त्याला फोन होता तो माझ्याकडेच. पुण्याहून, नांदेडहून, मुंबईहून कुणीही फोन करायचं — भाईजी, अमक्याला एवढं सांगा. मी म्हणायचो, "सांगतो." आणि तो निरोप पोचायचाच. सायकल काढून, ऊन असो काही असो, मी पोचवायचो. "दुकानावर निरोप ठेवला" म्हणजे काम झालं, असं मंडळात सगळे धरून चालायचे. पुढे हातोहाती मोबाईल आले, तरी ही सवय गेली नाही. आणि तिची दुसरी बाजू अशी, की निरोप आला नाही म्हणजे पोरगं सुखरूप पोचलं. काही अडलं तरच फोन करायचा.

आणखी एक रीत माझी स्वतःची. जाणाऱ्या प्रत्येकाला मी स्टीलचा एक पेला द्यायचो, मशीनने त्यावर नाव घालून. स्टेशनवर जाऊन, स्वतःच्या हाताने. कंचन म्हणायची, पोटच्या लेकीच्या पाठवणीला रडला नाहीत तेवढे या पोरांच्या गाडीला रडता. खरं होतं ते. ते रडणं खोटं नव्हतं — हे आता कुणाला पटवू? पण तसं खरं रडणारा माणूसही मी केलं ते करू शकतो. मला माहीत आहे.

हळूहळू मला चटक लागली. कामाची नव्हे — काम माझ्यावाचून होत नाही, याची. मी गल्ल्यावर बसायचो आणि फोन वाजायचा. गिऱ्हाईक कढई हातात घेऊन ताटकळायचं, आणि मी कुणाला तरी पुण्यातली रिकामी खोली सांगत असायचो. सत्काराचे नारळ इतके साठायचे, की चटण्या करून करून कंचनने हात टेकले. नाशकात कोण, लातूरला कोण, कुणाला कधी फोन केलेला चालतो, कुणाच्या घरी बायको तापट आहे — सगळं माझ्या डोक्यात. कुणी म्हणालं, भाईजी, हे जरा आम्हालाही सांगून ठेवा ना, तर मी हसायचो. "मी हाय ना! मंग काहून काळजी करता?"

मग लोक विचारायला लागले, भाईजींनंतर कोण? तोंडावर नाही, पण कानावर यायचं. तेव्हा मीच मेळाव्यात जाहीर करून टाकलं, की आता नवी फळी घडवायची, उद्याचे कार्यकर्ते आजच तयार करायचे. टाळ्या पडल्या. दर वर्षी दोन-तीन तरुण माझ्या हाताखाली येऊ लागले. मी त्यांना काय शिकवलं? खुर्च्या मांडायला. बॅनरवर कुणाचा फोटो मोठा घ्यायचा ते. प्रमुख पाहुण्याला कुठल्या दाराने आणायचं ते. फोनला मात्र हात लावू दिला नाही. पोरं हुशार होती, त्यांना कळायचं. वर्षभर खुर्च्या उचलायची आणि मग दिसेनाशी व्हायची. आणि मी गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, आजकालच्या पोरांना तळमळ नाही हो. लोक माना हलवायचे. तुम्हीही असा एखादा अध्यक्ष पाहिला असेल.

रेखा मात्र त्या खुर्च्यांना पुरून उरली.

तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. ती शिकायला परभणीला निघाली तेव्हा तिच्या सोबतीला मी स्वतः गेलो होतो. शिकून ती जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत लागली, प्रयोगशाळेत. सकाळच्या गाडीने जायची, संध्याकाळच्या गाडीने यायची, आणि उतरली की घरी जायच्या आधी दुकानावर. "भाईजी, आज काही निरोप?"

तिने केलं ते इतकं सोपं होतं, की इतक्या वर्षांत मला सुचू नये याची लाज वाटावी. तिने नियम केला — ज्याला सोबत मिळाली, त्याने पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी सोबत द्यायची. बस. रविवारी शाळेच्या मैदानावर ती या पोरांना जमवायची. खिडकीवरचा माणूस खेकसला तर काय बोलायचं, घरमालकाला आधी काय विचारायचं, बरोबरचं पोरगं रडायला लागलं तर काय करायचं. ती स्वतःच तो खेकसणारा माणूस व्हायची आणि पोरं हसून लोळायची. बघता बघता अशी पोरं-पोरी तयार झाली, की त्यांना कुणी काही सांगावंच लागेना. जून आला की तीच आपसांत ठरवून मोकळी. मी जे भाषणात म्हणत होतो, ते या पोरीने खरंच करून दाखवलं. मला आनंद व्हायला नको होता का?

दुकानातला फोन वाजायचा कमी झाला. एकदा एक बाई आली, मुलाला लातूरला पाठवायचं होतं. मी सरसावून बसलो, तर म्हणते, "भाईजी, रेखाताईचं घर कोनतं?" मी बोट दाखवलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्या वर्षीच्या मेळाव्यात फोटो काढताना पोरांनी "रेखाताई, रेखाताई" करत तिला ओढून मध्ये उभं केलं, आणि मी माझ्या शालीसकट कडेला गेलो. शेवटी रेखानेच मला हाताला धरून मध्ये आणलं. ते जास्त लागलं. हसताय? हसा. पोरकटच आहे. मोठी पापं मोठ्या कारणांनी होत असतील, असं मलाही तेव्हा वाटायचं.

त्या जूनमध्ये पूजा नावाची मुलगी निघाली होती. एका वस्तीवरची, शाळेत पायी येणारी. पुण्याला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता आणि दुसऱ्या दिवशी प्रवेश घ्यायची शेवटची तारीख होती. बाप तयारच नव्हता. रेखाने वस्तीवर खेटे घालून घालून त्याला तयार केलं होतं. त्या वर्षी जाणारी पोरं जास्त आणि सुट्टी मिळणारी माणसं कमी, म्हणून रेखाने असं ठरवलं, की संभाजीनगरपर्यंत एक कॉलेजची मुलगी सोबत जाईल, पूजाला पुण्याच्या बसमध्ये बसवून देईल, आणि पुण्यात स्टँडवर दिलीप तिला घ्यायला येईल. दिलीप म्हणजे माझ्याच वर्गातला, नोकरीनिमित्त तिकडे राहिलेला. रात्री पूजा त्याच्या घरी राहणार आणि सकाळी त्याची बायको तिला कॉलेजात नेणार. हे सगळं तिने मला विचारून ठरवलं होतं. मी "झकास" म्हणालो होतो.

सकाळी मी शटर वर करतोय तोच फोन वाजला. दिलीप होता. सोलापूरला त्याचे सासरे अचानक वारले होते. तो आणि त्याची बायको घरातून निघाले होते, रस्त्यावरूनच बोलत होता. "रेखाला लावून राह्यलो, तर ती उचलून न्हाई राह्यली," तो म्हणाला. "तू सांग तिला. आज मी न्हाई, दुसऱ्या कुनाला तरी स्टँडवर पाठवा म्हनाव." रेखाच्या प्रयोगशाळेत मोबाईल बाहेर ठेवावा लागतो, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "सांगतो. तू बिनघोर जा." आणि दिलीप खरंच बिनघोर गेला. दुकानावर निरोप ठेवला होता — मग झालं.

इथे जरा थांबतो.

विसरलो, असं म्हणता आलं असतं. मी स्वतःला बरीच वर्षं तसं सांगूनही पाहिलं — गिऱ्हाईक होतं, माल उतरवायचा होता. पण मी विसरलो नाही. मी मशीन सुरू करून पेल्यावर पूजाचं नाव घातलं, आणि घालताना दिलीपचा निरोप माझ्या डोक्यात होता. तो पेला घेऊन मी स्टेशनवर गेलो. ती बापाजवळ उभी होती. पायात नवी चप्पल होती, ती चावत असावी; सारखी पाय बदलत होती. मी पेला दिला. तिने त्यावरचं नाव बोटाने चाचपून पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. बाप म्हणाला, "भाईजी, तुमच्या भरवशावर पाठवून राह्यलो." मी म्हणालो, "बिलकुल काळजी करू नका."

एक वाक्य पुरलं असतं. किंवा पुण्यातल्या दुसऱ्या कुणाला एक फोन — ओळखीची घरं काय कमी होती? मग का नाही? मनात होतं ते जसंच्या तसं सांगतो. मनात होतं — एकदा होऊ दे गडबड. एकदा कळू दे सगळ्यांना, की हे पोराटोरांचं काम नाही. मला वाटलं, पूजा थोडा वेळ स्टँडवर थांबेल, रेखाची धावपळ होईल, ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे येईल, आणि मी गल्ल्यावरून न उठता एका फोनमध्ये सगळं निस्तरीन. एवढंच. पोरीचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं — आणि नव्हतं म्हणून त्या पोरीला काय मिळालं? गाडी आली. मी हात हलवला. डोळ्यांत पाणी त्या दिवशीही आलं.

संध्याकाळी रेखा गाडीतून उतरून सरळ दुकानावर आली. रडकुंडीला वगैरे नाही, हसतच आली. "भाईजी, दिलीपकाकांचा सकाळी फोन येऊन गेल्ता. आता मी लावला, तर लागून न्हाई राह्यला. काही निरोप?"

अजूनही वेळ होती, बघा. बस पुण्याच्या अलीकडेच कुठेतरी असणार. पण आता सांगायचं म्हणजे सकाळपासून निरोप दाबून ठेवला, हे सांगायचं. सकाळी माझ्या मनात हेवा होता. संध्याकाळी हेवा कुठल्या कुठे गेला, नुसती भीती उरली. मी म्हणालो, "निरोप काही न्हाई." आणि वर जोडलं, "निरोप न्हाई म्हंजी सगळं बराबर हाय." आमचीच रीत — तीच काढून तिच्या पुढे ठेवली. ती "चला, बरं झालं" म्हणाली आणि घरी गेली.

मी शटर पाडलं आणि वर आलो. पुण्यात एकाला मोबाईल लावला, त्याने उचलला नाही. दुसऱ्याला लावायला गेलो आणि थांबलो. तो विचारणार, भाईजी, तुम्हाला कधी कळलं? काय सांगणार होतो?

आणि मग खाली दुकानात फोन वाजला.

हेच ते. इतका वेळ ज्याच्याभोवती फिरतोय, ते हेच. बाकीचं सगळं कदाचित मी कुणाला तरी कधीतरी सांगितलंही असतं. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. कंचन म्हणाली, अहो, खाली फोन वाजतोय. मला माहीत होतं कोण आहे. जाणाऱ्या पोराजवळ आम्ही दोनच नंबर द्यायचो — घ्यायला येणाऱ्याचा आणि दुकानाचा. जिना उतरून खाली जायचं होतं, एवढंच. उचलला असता तर अजूनही सगळं सावरलं असतं. पण उचलला, की पूजा म्हणणार, काका आले न्हाईत, आणि मला हलावं लागणार, आणि उद्या दिलीप सगळ्यांसमोर म्हणणार, मी तर सकाळीच सांगितलं होतं. मी कंचनला म्हणालो, "वाजू दे, गिऱ्हाईक असंल." तो आणखी एकदा वाजला. मग नाही वाजला.

पूजा रात्रभर स्टँडवर बसून राहिली. फुलं विकणाऱ्या एका बाईने तिला आपल्याजवळ बसवून घेतलं, म्हणून काही वावगं झालं नाही. कॉलेजचा पत्ता पिशवीत होता, पण ती इतकी भेदरली होती, की सकाळी त्याच बाईने तिला परतीच्या बसमध्ये बसवून दिलं. तारीख गेली. बाप म्हणाला, झालं शिक्षण. पुढच्या लग्नसराईत त्याने तिचं लग्न लावून दिलं आणि धाकटीला दहावीनंतर घरी बसवलं.

शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात मंडळाची बैठक झाली. त्याआधी मी आणखी एक काम उरकून घेतलं होतं. दिलीपला फोन करून म्हणालो, मी तर रेखाला लगेच सांगितलं होतं रे, गडबडीत विसरली पोरगी, आता तू काही बोलू नको, आधीच मोडून पडलीय. दिलीप भला माणूस. तो आजपर्यंत बोललेला नाही. बैठकीत कुणीतरी म्हणालं, पोरींच्या हाती कारभार दिला की असंच व्हायचं. रेखा उभी राहिली. "चूक माझी हाय," ती म्हणाली. "दिलीपकाकांचा फोन येऊन गेल्ता, मी पुन्हा पुन्हा लावायला पाहिजे होता. मी धरून चालले." दिलीपबद्दल ती एक शब्द वाकडा बोलली नाही. त्याला वाटतं ती विसरली, तिला वाटतं त्याने कळवलंच नाही, आणि दोघं एकमेकांना सांभाळून घेत गप्प आहेत. त्या दोघांच्या चांगुलपणावर माझी अब्रू उभी आहे.

मी काय केलं? मी तिच्या बाजूने बोललो. पोर नवी आहे, चूक कुणाकडूनही होते, पोटात घाला, असं म्हणालो. मंडळी म्हणाली, भाईजींचं मन मोठं आहे. काम पुन्हा माझ्याकडे आलं — एकमताने. संध्याकाळी रेखा दुकानावर आली, रडली, पाया पडली. "तुम्ही सांभाळून घेतलं, न्हाईतर मला तोंड दाखवायला जागा न्हवती." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर ती मंडळात आली नाही. पुढे तिची हैदराबादला बदली झाली. तिने तयार केलेली पोरं एकेक करून गळाली. आईबापच म्हणायला लागले, भरवसा नाही. मी पुन्हा नवी फळी जाहीर केली, बिल्ले वाटले, फोनही त्यांच्या पुढ्यात ठेवला — या वेळी अगदी मनापासून. पण वाजतोय कुठे? आता मंडळ म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सकाळी सुप्रभात, मधून मधून भावपूर्ण श्रद्धांजली. मेळाव्याला आम्ही म्हातारेच एकमेकांना शाल घालतो. यंदा पोरं एकटीच गेली. त्यातला एक परत आला आणि समोरच्या मोबाईलच्या दुकानात बसतो. परवा विचारलं, काय रे, काय झालं? म्हणाला, "मला तिकडचं मानवलं न्हाई, भाईजी." माझ्यानंतर कोण, असं आता कुणी विचारत नाही.

गेल्या महिन्यात पूजा दुकानात आली.

मी ओळखलं नाही. कडेवर मूल होतं. धाकट्या बहिणीचं लग्न होतं, भांडी घ्यायची होती आणि त्यावर नावं घालून हवी होती. तिने आपलं नाव सांगितलं तेव्हा माझ्या हातातलं ताट खाली पडलं. ती हसली. म्हणाली, तुमचा गिलास अजून हाय बरं का घरात, पोरगं त्यातच दूध पितं. "त्या रातीला तोच होता बघा. त्यानंच नळाचं पानी पिले. दुकानावर बी फोन लावला होता मी, पन तुम्ही शटर पाडलं असंल." माझ्यासाठी कारणही तिनेच शोधून ठेवलं होतं. मी मशीन सुरू केलं. आवाजात बोलावं लागत नाही.

नावं घालून झाली. भांडी पोत्यात भरली. निघताना ती दारात थांबली.

"भाईजी, रेखाताई कुठं असत्यात आता?"

"हैदराबादला."

"तुमचं बोलनं होत असंल. त्यांना एवढं सांगा — पूजाला तुमचा राग न्हाई म्हनाव. त्या माफी मागायला घरी आल्त्या, तवा बापानं दारातूनच परत लावल्या. मला बोलूच दिलं न्हाई. ते तसंच राहून गेलं बघा मनात."

त्या दोघी एकदा बोलल्या की त्या रात्रीचा विषय निघणार. वाजून वाजून थांबलेला फोन निघणार, मग दिलीप निघणार. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या सुचलं. या वयातही माझं डोकं किती भरभर चालतं बघा.

मी म्हणालो, "सांगतो."

तिचा चेहरा एकदम हलका झाला. मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि स्टेशनच्या रस्त्याने गेली. दुकानावर निरोप ठेवला होता — मग झालं.

रेखाचा नंबर माझ्याजवळ आहे. पर्युषण जवळ आलंय, सगळ्यांना मेसेज जाईल, त्यात तिलाही जाईल. पूजाचा निरोप मी अजून सांगितलेला नाही.